कोहळा फोडा, पण फोडी उचला

सणावाराला रूढीविरुद्ध बोललेलं कुणाला रुचत नाही, म्हणून आधीच सांगते: आयुधपूजेचा कोहळा बंद करा, असं माझं म्हणणं नाही. त्यानंतर रस्त्यावर जो राडा उरतो, तो बंद करा.

आपली खंडेनवमी तीच इथली आयुधपूजा. ओरगडममध्ये तिचा थाट मोठा, कारण मोटारी, ट्रक, बुलेट सगळं इथेच तयार होतं. यंत्रांना गंधफूल, चुरमुऱ्या-फुटाण्यांचा प्रसाद, चाकांखाली लिंबं. शेवटी कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू आणि नाणी घालायची, दृष्ट काढायची आणि तो भर रस्त्यात आपटायचा. नाणी पोरं वेचून नेतात. लाल गर तिथेच राहतो. वंडलूर-वालाजाबाद रस्त्यावर पाळी सुटली की दुचाकींची रांग लागते. त्या गरावरून चाक घसरलं, तर सावरायला वेळ नसतो आणि मागे ट्रक असतो. दृष्ट आपली काढायची आणि हातपाय मोडायचे दुसऱ्याचे, हा कुठला न्याय?

‘परंपरेत बदल करू नये’ हे उत्तर मला पटत नाही. कोहळा हाच मुळी बदल आहे. जनावराच्या बळीऐवजी तो आला. वाडवडिलांनी एवढं मोठं पाऊल उचललं, आपल्याला फक्त फोडी उचलायच्या आहेत.

कोकणात नरक चतुर्दशीला कारीट फोडतात. लहानसं कडू फळ, तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचं, बी जिभेला लावायची, की नरकासुर मेला. तोही आपल्याच अंगणात. शेजाऱ्याच्या वाटेत नाही.

कॅडेट मित्रांनो, शाळेच्या बसची पूजा होईल तेव्हा कोहळा घमेल्यात फोडा आणि गर खतखड्ड्यात टाका. कुंकू लागलेला गर गाईपुढे मात्र नको. प्रशिक्षकांनी परवानगी दिली, तर एक तुकडी फाटकासमोरचा रस्ताही झाडून काढू शकेल. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधीजयंतीलाच आला होता. झाडू हाती घ्यायला याहून चांगला मुहूर्त कुठला होता? पण दसरा दरवर्षी येतो, झाडूही शाळेत आहेत.

घमेलं तेवढं मोठं बघा. इथले कोहळे डोक्याहून मोठे असतात.