नेसणं आणि घालणं

परवा एका लग्नात शिवलेल्या नऊवारीतल्या मुलीला माझ्याच वयाच्या एक बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "विजारीसारखी चढवलीस ना? ही का आपली परंपरा?" पोरगी हिरमुसली. मी गप्प बसले, ते अजून सलतंय.

बाई स्वतः होत्या पाचवारी गोल साडीत! मंडळी, सत्येंद्रनाथ टागोर १८६४ साली नोकरीवर मुंबई इलाख्यात आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवींनी इथल्या पारशी बायकांची साडी पाहिली, तीत फेरफार केले आणि परकर-पोलक्यासकट ती रीत बंगालात नेली. तिकडे तिला 'ब्राह्मिका साडी' म्हणू लागले. आजच्या गोल साडीच्या घडणीत या रीतीचा मोठा वाटा आहे. हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं. तोवर मीही वर्गात पाचवारी वेदकाळापासूनची असल्यासारखीच बोलत असे! कॉलेजात पहिल्यांदा गोल साडी नेसले तेव्हा आजी म्हणाली होती, "मागे काष्टा नाही, मग नेसलीस काय?" त्या बाईंच्या आजीनेही त्यांना असंच काही ऐकवलं असणार.

शिवलेलीत एक गोष्ट जाते, हे खरं. लुगडं एकच, पण सडपातळ मुलीलाही बसे आणि पोटुशीलाही. शिवलेली घालायची असते, नेसायची नसते. पण नेसवायला शिकवलं कोणी त्या पोरीला?

त्या बाईंना तरी काष्टा घालता येतो का, एवढं मी तिथेच विचारायला हवं होतं.