खालच्या विभागातल्या मुली

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास आमच्या गल्लीतून एक मुलगी एसटी स्टँडकडे जाते. पाठीला पिशवी, पिशवीच्या बाहेर लोंबकळणारे बूट, हातात आईने दिलेला डबा. मी अंगणात झाडांना पाणी घालत असतो. "काय गं, आज कुठं?" असे मी दर वेळी विचारतो आणि "आबाजी, मॅच हाय. उशीर होऊन राह्यला मले," असे म्हणत ती दर वेळी धावत सुटते. वय सतरा. वडील संत्र्याच्या बागांत तोडीच्या कामाला जातात, म्हणजे आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या मध्ये जे मिळेल ते काम करतात. मुलगी नागपूरच्या एका क्लबाकडून फुटबॉल खेळते.

मी तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे कुणी धावताना दिसला तरी मला आधी त्याचा खर्च दिसतो. बूट, मोजे, नडगीला बांधायच्या पट्ट्या, जाण्यायेण्याचे भाडे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट लागू झाले. त्या एका निर्णयामुळे या मुलीचे आठवड्यातून दोनदा सरावाला जाणे शक्य झाले, असे तिच्या आईनेच मला सांगितले. सरकारने हा निर्णय घेतला तेव्हा कुणाच्याही डोक्यात फुटबॉल नसणार. चांगल्या निर्णयांचे असे होते, त्यांचा फायदा कुठल्या गल्लीत उतरेल हे फाइलवर सही करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता दुसरी मुलगी. माझी भाची नॉर्वेतल्या स्टाव्हांगर या तेलाच्या धंद्याच्या शहरात राहते. जावई इंजिनिअर. त्यांची लेक तिथल्या एका छोट्या क्लबाच्या संघात आहे, अगदी खालच्या विभागात. गेल्या वर्षी तिचा फोन आला, "आजोबा, आम्ही नऊ-शून्य हरलो!" सोबत फोटोही होता. पावसात भिजलेल्या, गुडघ्यापर्यंत माखलेल्या पंधरा-सोळा मुली, आणि सगळ्या हसताहेत. मी भाचीला म्हटले, "अगं, नऊ गोल खाऊन कसल्या हसतात या?" ती म्हणाली, "मामा, पुढच्या शनिवारी परत मॅच आहे ना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून काही जाईना.

नॉर्वेची लोकसंख्या सुमारे पंचावन्न लाख. २०११च्या जनगणनेत आपल्या नागपूर जिल्ह्याची साडेशेहेचाळीस लाख होती. म्हणजे तो अख्खा देश आपल्या एका जिल्ह्यापेक्षा जरासाच मोठा. वर्षातले कितीतरी महिने तिथे बर्फ आणि काळोख. या देशाच्या मुलींनी १९९५ साली स्वीडनमध्ये अंतिम सामन्यात जर्मनीला २-० हरवून विश्वचषक जिंकला आणि २००० साली सिडनीत अमेरिकेला हरवून ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेतले. पण मला त्या पदकांपेक्षा भाचीच्या लेकीच्या संघाचे कुतूहल जास्त. कारण पदके वर दिसतात, आणि ती ज्याच्यावर उभी असतात ते खाली, कुणाचे लक्ष नसते अशा जागी असते.

तिथे मुलींच्या फुटबॉलची उतरंड अशी: सर्वांत वर 'टॉपसेरिएन', त्याखाली पहिला विभाग, मग दुसरा, तिसरा आणि त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यातले गट. खालच्या विभागात कुणाला पगार मिळत नाही. उलट मुलीच वर्षाची वर्गणी भरतात. कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी कॉलेजातली. बसने जायचे, मध्ये समुद्राची खाडी आली तर फेरीबोटीत बस चढवायची, खेळायचे आणि रात्री परत. पैसे उभे करायला 'डुग्नाद' नावाची त्यांची एक रीत आहे. आपल्याकडे गावाने मिळून विहिरीचा गाळ काढावा, तसे सगळ्यांनी मिळून फुकट करायचे काम. सामन्याच्या दिवशी कुणाची आई कॉफी आणि वॅफल विकते, कुणाचे वडील मैदानावर रेघा आखतात. आणि भाचीने हसत हसत सांगितले की तिचे इंजिनिअर यजमान दारोदार फिरून टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकतात! तिथल्या क्लबांचा हा पिढीजात धंदा आहे म्हणे. आमच्या घराण्यात कुणी असे काही विकेल असे वाटले नव्हते, पण फुटबॉलने तेही करून दाखवले.

"त्यांच्याकडे तेल आहे, त्यांना काय कमी?" असे कुणी म्हणेल. मीही म्हटले. पण तिथल्या खेळाच्या मैदानांचा मोठा आधार तेल नाही, लॉटरी आहे. 'नॉर्स्क टिपिंग' ही सरकारी मालकीची कंपनी. तिचा नफा मैदानांना, संस्कृतीला आणि स्वयंसेवी संस्थांना जातो. २००९ पासून तर तिकीट घेणाऱ्याला आपल्या पैशातला काही हिस्सा आपल्याच गावच्या क्लबाला द्या असे सांगता येते. लॉटरी काही मला पसंत नाही, तिने उठलेले संसार मी कर्जखात्यांत पाहिले आहेत. पण ज्या पैशाचा ओघ एरवी कुठेतरी गडप होतो, तो गावच्या मैदानापर्यंत आणून सोडण्याची ती व्यवस्था बँकेच्या माणसाला दाद द्यायला लावते.

त्यांचे सगळेच पहिल्यापासून सरळ होते असेही नाही. इंग्लंडमध्ये १९२० साली बायकांचा एक सामना बघायला पन्नास हजारांवर माणसे लोटली, आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या संघटनेने फुटबॉल बायकांना योग्य नाही असे ठरवून आपली मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. नॉर्वेच्या संघटनेनेही १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुलींना दाराबाहेरच ठेवले होते. मग १९८६ साली मेक्सिकोत जागतिक संघटनेच्या सभेत एलन विल्ले नावाची नॉर्वेची ठेंगणी बाई बोलायला उभी राहिली आणि आमचाही विश्वचषक हवा म्हणाली. पाच वर्षांनी, १९९१ साली, चीनमध्ये तो झाला. आणि २०१७ साली पुरुष आणि महिला राष्ट्रीय संघांना सारखे मानधन देण्याचा करार झाला, तेव्हा पुरुष खेळाडूंनी आपल्या वाट्यातले थोडे सोडून दिले. तरीही त्यांची सर्वांत नावाजलेली खेळाडू आदा हेगरबर्ग त्याच वर्षी संघटनेच्या कारभारावर रुसून राष्ट्रीय संघाबाहेर गेली, ती २०२२ पर्यंत परतली नाही. मानधन सारखे झाले म्हणून वागणूक सारखी होत नाही, हे आपल्याकडच्या नोकरदार बायकांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडे बघा. नागपूरला फुटबॉल नवा नाही. कामठीच्या छावणीने तो आणला आणि कामठीने तो आपला केला. रब्बानी क्लबाचे नाव माझ्या लहानपणी काटोलच्या पानठेल्यावरही ऐकू येई. २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीची पोरे पाहिली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले. 'झुंड' चित्रपटामुळे २०२२ साली ही गोष्ट घरोघर गेली. २०१६ साली या संस्थेला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. बेघरांच्या विश्वचषकात भारताचे मुलांचे आणि पुढे मुलींचेही संघ खेळले, ते या संस्थेच्या खटपटीने. चार-चार जणांचे संघ, सात-सात मिनिटांचे दोन डाव. २०१७ साली ही स्पर्धा नॉर्वेतच, ऑस्लोच्या नगरभवनासमोरच्या चौकात भरली होती. म्हणजे नागपूरच्या वस्तीपासून नॉर्वेपर्यंतचा रस्ता आपल्याला सापडलेला आहे. काटोलपासून नरखेडपर्यंतचा मात्र सापडत नाही.

देशाचीही तीच गत. १९८०च्या सुमारास कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या होत्या, १९८३ सालीही होत्या. त्या वेळी आपण मागे नव्हतो. पण मुलींची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१६-१७ उजाडले, आणि पुढची कितीतरी वर्षे ती एकाच गावी सगळे संघ गोळा करून काही आठवड्यांत उरकली जाई. कोल्हापूरचा एक संघ २०१९ साली त्यासाठी लुधियानाला गेला होता. आपापल्या गावी आणि दुसऱ्याच्या गावी असे सामने २०२३-२४ पासून सुरू झाले, आणि दुसरा विभागही त्याच सुमारास. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याकडे झाला. यजमान म्हणून आपण खेळलो. तीन सामने, सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही. भाचीच्या लेकीचा संघ नऊ-शून्य हरला तेव्हा तिला पुढचा शनिवार होता. आपल्या त्या मुलींना तो नव्हता. म्हणून जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या संघाला त्यांच्याच देशात २-१ हरवून आपल्या मुलींनी प्रथमच पात्रता फेरीतून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, तेव्हा आनंदाबरोबर माझ्या पोटात थोडे कालवलेही. इतक्या थोड्या जेवणावर या पोरी इतके धावतात, तर पोटभर मिळाले असते तर?

इथे मला माझा एक हिशेब मांडला पाहिजे. १९९५च्या जूनचा शेवट असावा. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मी विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एका शाळेच्या खेळाच्या बाई अर्ज घेऊन आल्या. मुलींचा फुटबॉल संघ करायचा आहे, एक चेंडू आणि बारा जर्सी द्या, जर्सीवर बँकेचे नाव टाकू. शाखेकडे प्रसिद्धीसाठी थोडी रक्कम असे. मी ती तरुण मंडळाच्या क्रिकेट सामन्यांना देऊन टाकली होती, पण ती शिल्लक असती तरी दिली नसती. मी म्हणालो, "बाई, मुलींना खो-खो काय वाईट आहे?" त्यांनी वाद घातला नाही. अर्जाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, "बरं साहेब" म्हणाल्या आणि गेल्या. बुडीत कर्जे मी नोकरीत पुष्कळ पाहिली, ती वहीत तरी दिसतात. न दिलेले कर्ज कुठल्याच वहीत दिसत नाही. त्याच महिन्यात तिकडे नॉर्वेच्या मुलींनी विश्वचषक उचलला होता, हे मला कळायला वीस-बावीस वर्षे गेली.

त्या काळी माझ्या बँकेत खेळाडू म्हणून लागलेले दोघे सहकारी होते, एक हॉकीचा, एक फुटबॉलचा. मुंबईच्या हारवुड लीगमध्ये तर बँकांचे आख्खे संघ उतरत. मुलांसाठी खालच्या विभागातला फुटबॉल ही कारकुनीच्या खुर्चीपर्यंत जाणारी शिडी होती. गरिबाचा बाप म्हणूनच पोराच्या बुटाला पैसे देई. मुलींच्या बापाला आपण अजून तशी शिडी दाखवलेली नाही. रेल्वे आणि पोलिसांत काही जणी लागतात, पण त्यासाठी आधी वरपर्यंत पोचावे लागते, आणि मधल्या पायऱ्याच नाहीत.

मधल्या पायऱ्या म्हणजे फार काही नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. काटोल, नरखेड, कोंढाळी, मोवाड, सावनेर, कळमेश्वर. सहा गावे, सहा संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे म्हणजे एका संघाचे दहा सामने, सगळे मिळून तीस. मैदाने शाळांची, रविवारी रिकामीच असतात. एसटीचे तिकीट अर्धे. पंचाचे मानधन, चेंडू, पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली. ही शेवटची वस्तू पुरुषांच्या अंदाजपत्रकात कधी नसते आणि तिच्यावाचूनच निम्म्या मुली घरी बसतात. कुण्या नेत्याच्या वाढदिवसाला आमच्याकडे टेनिस बॉलचे क्रिकेट सामने होतात, ध्वनिक्षेपकावर दिवसभर कॉमेंट्री चालते, लाखाचे बक्षीस लागते. त्या एका बक्षिसात या सहा गावांचा वर्षाचा बराच गाडा ओढला जाईल. बाकीचे आपण डुग्नाद करू. टॉयलेट पेपर नको, आमच्याकडे संत्री आहेत.

हा कागद मी गावातल्या तिघा-चौघांना दाखवला. एक म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण इतक्या मुली येतील का?" त्या बाईंना मी विचारायचे राहून गेलेला हाच प्रश्न. त्यांच्याकडे तेव्हा बारा होत्या.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतली मुलगी संध्याकाळच्या गाडीने परतली. मी फाटकाशीच होतो.

"काय झालं गं?"

"हरलो आबाजी. दोन-एक. पण एक म्या मारला."

"वा! मग आता पुढची मॅच कधी?"

"आता कायची मॅच? झाल्या ना चारही. आता पुढच्या साली."

पिशवी आत टाकून ती लगेच बाहेर आली आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर चेंडू मारू लागली. भिंतीचा गिलावा आधीच निघालेला आहे. आमच्या सौ.नी खिडकीतून पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि अंधार पडल्यावर बाहेरचा दिवा लावून दिला.