गाभ्यात शिरण्याचा परवाना

19 जुलै 2024 रोजी जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक एकाएकी निकामी झाले. विमानसेवा विस्कळीत झाल्या. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. हा घातपात नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाईलमुळे हे घडले. तिच्या व्यवस्थेत 21 माहिती-घटक गृहीत धरले होते, प्रत्यक्षात पुरविले जात होते 20. नसलेला एकविसावा वाचू गेलेला प्रोग्रॅम कोसळला. एरवी असा प्रोग्रॅम एकटाच बंद पडतो. हा मात्र संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये वावरत असल्याने साऱ्या यंत्राला घेऊन बुडाला.

पहारेकऱ्याला गाभ्यात शिरावेच का लागते? एका प्रक्रियेला दुसरीची स्मृती दिसू नये अशी भिंत कर्नलने घातलेली असते. पलीकडचे पाहावयाचे, तर कर्नलने खिडकी ठेवली पाहिजे, नाहीतर कर्नलमध्येच बिऱ्हाड केले पाहिजे. खिडकी अपुरी असली की लोक दुसरा मार्ग धरतात.

युनिक्समधील जुनी खिडकी म्हणजे पीट्रेस. स्वतःच्या प्रोग्रॅममधील चूक शोधणाऱ्यासाठी ती ठीक होती. मात्र प्रक्रिया थांबवून तिची स्मृती एकेक शब्द वाचावी लागे. लिनक्सवर आजही एका प्रक्रियेला पीट्रेसद्वारे एकच निरीक्षक लाभतो. 1984 मध्ये टॉम किलियन यांनी प्रक्रियेलाच फाईलचे रूप देण्याची कल्पना मांडली. कोणी काय पाहावे हे मग फाईलच्या नेहमीच्या परवानग्यांनी ठरू लागले. हिशेबतपासनिसाला तिजोरीची किल्ली न देता खातेवही द्यावी, तसाच हा प्रकार.

चालत्या यंत्राचे निरीक्षण करण्याची खरी सोय 2005 मध्ये सोलारिसच्या डीट्रेसने केली. लिनक्समध्ये 2014 पासून ईबीपीएफ आले. येथे निरीक्षकाचा छोटा प्रोग्रॅम गाभ्यात जातो खरा, परंतु प्रवेशापूर्वी पडताळक त्याच्या सर्व वाटा तपासतो आणि मर्यादेबाहेरचे वाचन आढळल्यास त्याला दारातूनच परत पाठवितो. पडताळकातही दोष निघाले आहेत, म्हणून अनेक लिनक्स वितरणांत सामान्य वापरकर्त्याला ही सोय बंद असते. तथापि विश्वासावर प्रवेश देणे आणि तपासून प्रवेश देणे यांत मोठेच अंतर आहे.

ॲपलने 2019 मध्ये सुरक्षा प्रोग्रॅमांसाठी गाभ्याबाहेरची खिडकी उघडली. विंडोजमध्ये तसे का झाले नाही? मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने 2009 च्या युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्याकडे बोट दाखविले: स्वतःच्या सुरक्षा उत्पादनांना जेवढा प्रवेश, तेवढाच प्रतिस्पर्ध्यांना. हे उत्तर अर्धेच आहे. समझोत्याचा रोख समानतेवर होता, गाभ्यातील वास्तव्यावर नव्हे. कंपनीने चांगली खिडकी बांधून आपले उत्पादनही तेथेच बसविले असते, तर ती अट पाळली गेली असती. तसे करण्यात तिचा स्वतःचा लाभ कमी होता, आणि मक्तेदाराकडून अशा बांधकामाची घाई क्वचितच होते.

2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने अशी व्यवस्था निवडक सुरक्षा कंपन्यांना चाचणीसाठी देण्याचे जाहीर केले. तिचे स्वतःचे डिफेंडर त्याच खिडकीतून, त्याच अटींवर पाहणार की गाभ्यातील जुनी जागा राखून ठेवणार, हे स्पर्धा-नियामकांनी आता विचारावयास हवे.