सोफ्यावरचा खेळाडू

वाचकहो, ज्या खेळात मी आयुष्यात एकदाही भाग घेतलेला नाही, ज्याच्या मैदानावर मला धड उभेही राहता येत नाही आणि ज्यात माझ्या आवडत्या संघाने १९६७ नंतर एकदाही अजिंक्यपद मिळवलेले नाही, त्या खेळाविषयी आज आरोग्याच्या पानावर लिहिण्याची परवानगी मागतो. हा खेळ म्हणजे आइस हॉकी. त्याचा आणि माझ्या प्रकृतीचा संबंध इतका निकटचा आहे की, माझ्या औषधांच्या डबीवर टोरांटो मेपल लीफ्स या संघाचे बोधचिन्ह छापले तरी ते वावगे ठरणार नाही.

आरंभ मात्र पुण्यातून करावयास हवा. ४ सप्टेंबर १९७९ रोजी इंग्लंडमधील ओव्हल मैदानावर भारताला विजयासाठी ४३८ धावा हव्या होत्या आणि सुनील गावसकर खेळत होते. आमच्या वाड्यातील मंडळी रेडिओभोवती बसली होती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तेवढे चौकात येरझाऱ्या घालीत होते. गावसकर २२१ धावा काढून बाद झाले, भारत ८ बाद ४२९ पर्यंत पोहोचला, अवघ्या नऊ धावा कमी पडल्या आणि सामना अनिर्णित राहिला. अण्णांना शेवटचे षटक ऐकताच आले नाही. चौदा वर्षांचा मी त्यांना फार हसलो होतो. ज्याला सामना बसून ऐकवत नाही तो कसला रसिक, असे माझे तेव्हाचे मत होते.

पुढे १९९२ च्या हिवाळ्यात नोकरीनिमित्त मी टोरांटोस आलो. बाहेर शून्याखाली पंधरा अंश तापमान असता माणूस घरात बसून करणार काय? सहकाऱ्यांनी आइस हॉकी पाहावयास शिकविले. आपल्याकडच्या हॉकीची सवय असलेल्या डोळ्यांना पहिले काही आठवडे चेंडूच दिसत नाही, कारण तो चेंडू नसतोच. ती असते टणक रबराची, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची काळी चकती. तिला पक म्हणतात. ती बर्फावर फार उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. जोरदार फटक्यावर तिचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो आणि गोलरक्षक नावाचा गृहस्थ तिच्या वाटेत स्वखुशीने उभा राहतो. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात. मारामारी केली तर पाच मिनिटे एका काचेच्या पेटीत बसावे लागते. बालवाडीत दंगा करणाऱ्या मुलाला कोपऱ्यात बसवितात ना, तसेच. फरक एवढाच की, इथला मुलगा शंभर किलोंचा असतो आणि त्याला पश्चात्ताप होत नाही.

१९९३ मध्ये लीफ्स अंतिम फेरीपासून केवळ एका विजयाच्या अंतरावर येऊन लॉस एंजेलिसकडून ५–४ असे हरले. मी पुरता अडकलो तो तेव्हा. संघ सपशेल वाईट असेल तर माणूस सुटतो. थोडक्यात हरणारा संघ कायमचा चिकटतो.

या खेळाचे संस्कार मोठे विलक्षण असतात. १९६४ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात लीफ्सचे बॉब बॉन यांच्या पायावर पक आदळला आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर नेण्यात आले. पाय बधिर करून, पट्ट्या बांधून ते परतले आणि अतिरिक्त वेळेत त्यांनीच विजयी गोल केला. पुढचा सामनाही ते खेळले, लीफ्सनी चषक जिंकला आणि नंतर काढलेल्या क्ष-किरण चित्रात पायाचे हाड मोडल्याचे दिसले. २०१० मध्ये शिकागोचे डंकन कीथ यांचे सात दात पकच्या एका तडाख्यात गेले. तेही त्याच सामन्यात पुन्हा उतरले. अशा कथा टोरांटोत मुलांना दुधाबरोबर पाजतात. वेदना सांगायची नाही, बाकावर बसायचे नाही, हा त्यांचा सारांश. खेळाडूंना तो कितपत मानवतो हे त्यांचे त्यांना ठाऊक. मी मात्र तो सोफ्यावर बसून आत्मसात केला.

आता १३ मे २०१३ ची रात्र. प्रतिस्पर्धी बॉस्टन ब्रुइन्स, मालिकेतील निर्णायक सातवा सामना. शेवटच्या भागात लीफ्स ४–१ असे पुढे. मी विजयाच्या आनंदात खारवलेल्या बटाट्याच्या कापांची दुसरी पिशवी उघडली. मग ४–२ झाले. खेळ संपावयास १ मिनिट २२ सेकंद उरले असता ४–३ झाले आणि माझ्या छातीच्या मधोमध कोणीतरी पाटा ठेवल्यासारखे वाटले. ५१ सेकंद उरले असता ४–४ झाले. तो दाब डाव्या खांद्याकडे सरकला, कपाळावर गार घाम आला. मी कोणालाही काही सांगितले नाही. लीफ्सच्या चाहत्याला मे महिन्यात छातीत दुखले नाही तरच वैद्यकीय सल्ला घ्यावा, अशी माझी समजूत होती. अतिरिक्त वेळेत बॉस्टनने गोल केला, ५–४ असा पराभव झाला. दूरचित्रवाणी संच बंद झाला, तरी पाटा जागचा हलला नाही.

पत्नीने माझ्याकडे एकदा निरखून पाहिले. “अहो, सामना संपून अर्धा तास झाला. हरण्याचा घाम इतका वेळ येत नाही,” ती म्हणाली. मी बॉब बॉन यांचे उदाहरण देऊ लागलो. तिने ते पुरे होऊ न देता ९११ क्रमांक फिरविला.

रुग्णालयातील परिचारिकेने विचारले, “दुखणे केव्हा सुरू झाले?” मी म्हणालो, “१ मिनिट २२ सेकंद बाकी असताना.” तिने मान डोलावली आणि पुढे काही न विचारता घड्याळाची वेळ लिहून घेतली. त्या रात्री टोरांटोत तो क्षण कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

हृदयाच्या एका रोहिणीत अडथळा होता. तो दूर करून स्टेंट बसविण्यात आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, “अडथळा सामन्यामुळे झालेला नाही. तो कित्येक वर्षे तयार होत होता. तुमची चूक सामना पाहण्याची नाही, थांबण्याची आहे. रक्त मिळत नाही तोवर हृदयाचा स्नायू मरत असतो. तुम्ही अतिरिक्त वेळ संपण्याची वाट पाहिलीत. हृदयाला अतिरिक्त वेळ नसतो.” माझ्या हृदयाचा एक लहानसा भाग त्या रात्री निकामी झाला, तो पुन्हा भरून येणार नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी एका हॉकी सामन्याला दिलेली ही देणगी आहे आणि संघाकडून तिची पावतीही आलेली नाही.

मी भीत भीत विचारले, “मग हा खेळ सोडू का?” ते म्हणाले, “सोडू नका. परंतु एकट्याने पाहू नका आणि बसून पाहू नका.”

याचा अर्थ मला काही वर्षांनी उलगडला. २०१७ मध्ये मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. मॉन्ट्रियल हे आमचे पिढीजात वैरी, तरी विज्ञानात मी भेदभाव करीत नाही. हृदयविकार नसलेल्या वीस चाहत्यांची नाडी त्यांनी सामना पाहताना मोजली. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांची नाडी सरासरीने ७५ टक्क्यांनी वाढली, तर प्रत्यक्ष क्रीडागारात बसलेल्यांची ११० टक्क्यांनी. विश्रांतीत मिनिटाला ७० ठोके पडत असतील, तर हिशेबाने हे आकडे सुमारे १२२ आणि १४७ होतात. गोलाची संधी आणि अतिरिक्त वेळ या क्षणी नाडी सर्वांत जास्त धावली. संधी आपल्या संघाची असो वा परक्यांची, हृदयाला फरक पडला नाही. त्याआधी जर्मनीत २००६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या काळात म्युनिक परिसरात केलेल्या पाहणीत, जर्मन संघाचा सामना असलेल्या दिवशी हृदयविषयक तातडीच्या घटनांचे प्रमाण २.६६ पट आढळले होते. ज्यांना पूर्वीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता.

कोणी म्हणेल, नाडी इतकी वाढते तर हा घरबसल्या व्यायामच झाला! मीही पत्नीपुढे हा युक्तिवाद करून पाहिला. तो टिकला नाही. व्यायामात पाय चालतात, स्नायू काम करतात आणि नियमाने केला तर हृदय हळूहळू सक्षम होते. चाहत्याच्या शरीरात ॲड्रेनलिन धावते, रक्तदाब चढतो आणि पाय मात्र स्टुलावर पसरलेले असतात. खर्च सगळा होतो, जमेला काहीच पडत नाही.

आणि येथे एक गंमत ध्यानात घ्या. आइस हॉकीचा खेळाडू सलग साठ मिनिटे खेळतच नाही. तो सुमारे पंचेचाळीस सेकंद जीव तोडून धावतो आणि बाकावर येऊन बसतो. दुसरा त्याची जागा घेतो. याला शिफ्ट म्हणतात. जो दमूनही बर्फावर रेंगाळतो त्याला प्रशिक्षकाची बोलणी खावी लागतात. म्हणजे ज्या खेळाकडून मी ‘बाकावर बसू नका’ हा धडा घेतला, त्या खेळाचा पायाच मुळी वेळेवर बाकावर बसण्यात आहे. संपूर्ण क्रीडागारात शिफ्ट न बदलणारा एकटा चाहताच.

धैर्याचा दुसरा प्रकारही या खेळात आहे, पण त्याच्या कथा मी उशिरा ऐकल्या. पूर्वी गोलरक्षक मुखवटा घालीत नसत. तो घालणारा भित्रा समजला जाई. १ नोव्हेंबर १९५९ रोजी मॉन्ट्रियलचे जाक प्लांत यांच्या चेहऱ्यावर पक आदळला. टाके घातल्यावर त्यांनी बजावले की, मुखवट्याशिवाय आपण बर्फावर परतणार नाही. प्रशिक्षकांना ते रुचले नव्हते, तरी त्यांना मान तुकवावी लागली. आज मुखवट्याविना गोलरक्षकाची कल्पनाही कोणी करीत नाही.

आणि २२ फेब्रुवारी २०२० चा टोरांटोतील सामना तर मी डोळ्यांनी पाहिला. पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले, तेव्हा नियमानुसार राखीव ठेवलेले डेव्हिड एअर्स हे बेचाळीस वर्षांचे स्थानिक गृहस्थ उतरले. व्यावसायिक खेळाडू नव्हेत. बर्फ गुळगुळीत करणारे झांबोनी यंत्र चालविण्याचे काम त्यांनी केलेले. त्यांच्या शरीरात आईने २००४ मध्ये दिलेले मूत्रपिंड आहे. पहिले दोन्ही फटके गोलात गेले, पुढचे आठही त्यांनी अडविले. कॅरोलायना ६–३ असे जिंकले. हरलेला संघ कोणता, हे सांगावयास नकोच. त्या रात्री मी हरलो तरी उभा राहून टाळ्या वाजविल्या. आजार लपविणाऱ्याने नव्हे, तर उपचार आणि मदत स्वीकारलेल्या माणसाने आम्हाला हरविले होते.

वाचकहो, आपण आइस हॉकी पाहत नसाल, क्रिकेट तर पाहता. अखेरचे षटक सगळ्या घराला सारखेच पिळते. म्हणून अनुभवाच्या बळावर चार गोष्टी सांगतो. सामन्याच्या नादात रक्तदाबाची गोळी चुकवू नका. खारट आणि तळलेल्या पदार्थांची पिशवी मांडीवर घेऊन बसू नका; वाटीत काढलेले संपते, पिशवीतले संपत नाही. प्रत्येक मध्यंतरात उठून घरात चाला. आणि सर्वांत महत्त्वाचे: छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना हात, जबडा वा पाठीकडे जाणे, धाप लागणे, गार घाम, मळमळ यांतले काही जाणवले तर गुणफलक पाहू नका, लगेच सांगा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. स्त्रियांमध्ये छातीत फारसे न दुखताही केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा येऊ शकतो. ‘दिवसभराच्या कामाने असेल’ म्हणून तो झटकू नका. आणि घरातील मंडळींनो, सामना संपूनही कोणाचा घाम थांबत नसेल, तर त्याचे ऐतिहासिक दाखले ऐकत बसू नका.

२९ एप्रिल २०२३ रोजी लीफ्सनी २००४ नंतर प्रथमच बाद फेरीची एक मालिका जिंकली. अतिरिक्त वेळेत जॉन टॅव्हारेस यांनी विजयी गोल केला, तेव्हा मी स्वयंपाकघर ते पुढचे दार अशा येरझाऱ्या घालीत होतो. बाहेरच्या खोलीतून मुलांचा आरडाओरडा ऐकू आला. एकोणीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो गोल मला नंतर पुनर्प्रक्षेपणात पाहावा लागला.

मुलगी हसून म्हणाली, “बाबा, तुम्हाला सामना बसून पाहवत नाही?”

नाही पाहवत. अण्णा ब्याऐंशी वर्षे जगले.