चौदाव्या आठवड्यातील पाच मिनिटे

बाळाचे वजन भरले, ते दूध नीट ओढते, एवढे कळले की आपल्याकडे घरची मंडळी निर्धास्त होतात. नऊ महिने भरले तरी ते बसत नाही, असे आई बोलली तर "याचा बापही उशिराच चालला" म्हणून आजी तिला गप्प करते. आजीला आम्ही दोष देत नाही. परंतु दवाखान्यातही तेच उत्तर मिळावे, ह्याला काय म्हणावे?

तान्ह्या मुलाच्या मेंदूची वाढ जोखण्यास मोठी यंत्रेच हवीत, हा समज डॉ. हाइन्त्स प्रेख्टल ह्यांनी खोटा ठरविला. जागे व शांत असलेले मूल उताणे निजवावे आणि त्याला न छेडता केवळ पाहावे, एवढीच त्यांची पद्धत. नवव्या ते विसाव्या आठवड्यांच्या दरम्यान निरोगी मुलाची मान, धड, हातपाय बारीक, अखंड, चहूदिशांनी हलत असतात. 1997 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 130 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ह्या हालचाली नीट असलेल्या 70 पैकी 67 मुलांची वाढ पुढे सुरळीत झाली. त्या विकृत असलेल्या वा मुळीच नसलेल्या 60 पैकी 57 मुलांत दोष आढळला. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळातील 26 बाबींच्या, 78 गुणांच्या तपासणीचे मापही निरोगी मुलांवरूनच ठरले आहे. (आमच्या गावांतून न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हातालाही एखादे मूल ताठ लागते, एखादे लोळागोळा. ती बोलूनही दाखवते. पण तिचे ऐकतो कोण?)

धडधाकट मुलांना तपासून आईबापांच्या जिवाला घोर का लावावा, असा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. एका पाहणीने निदान होत नाही. शंका आली तर मूल पुन्हा पाहावयाचे व तज्ज्ञाकडे धाडावयाचे, एवढेच. मात्र मेंदूच्या पक्षाघाताची शंका चौथ्या महिन्यात येणे आणि दुसऱ्या वर्षी येणे ह्यांत व्यायामोपचाराची सारी उमेदीची वेळ निघून जाते.

ह्यासाठी नवे खाते नको. राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत लशीसाठी मूल आरोग्य केंद्रात येतेच. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाढीतील विलंब हुडकणे अभिप्रेतच आहे. प्रत्येक केंद्रातील एका तरी परिचारिकेस ही नजर शिकवावी, चौदाव्या आठवड्यात पाच मिनिटे द्यावीत, आणि ती सुईच्या आधी द्यावीत. टोचल्यावर रडणाऱ्या मुलाच्या हालचालींवरून काहीच कळत नाही.