जुन्या पेट्रोल पंपाचा मुलामा खरवडू नका

रामनवमीची यात्रा जवळ आली की पोहरादेवीच्या रस्त्यांवरची हॉटेलं रंगरंगोटी करून घेतात. यंदा एका हॉटेलवाल्यानं शोभेसाठी भंगारातून जुना पेट्रोल पंप आणला. बर्मा-शेलच्या काळातला. ती कंपनी १९७६ मध्ये सरकारनं ताब्यात घेतली, म्हणजे पंप निदान पन्नास वर्षांचा. तो 'नवा' करायचं काम वेल्डिंगच्या दुकानातल्या पोराकडे आलं. तीन दिवस वाळूचा मारा करून त्यानं पत्रा उघडा केला, तोंडाला रुमाल बांधून. चौथ्या दिवशी खोकत तो माझ्या ओपीडीत आला.

तुम्हाला वाटेल, रंग तर काढला! पण तो रंग नव्हताच. आजीच्या घरातला इनॅमलचा मग आठवा, पडला की टवका उडायचा तो. जुन्या पंपांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर हाच मुलामा असे. काचेची पूड पत्र्यावर टाकून सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत वितळवलेली असते. म्हणून पेंट रिमूव्हरनं तो हलत नाही. मग लोक वाळू मारतात, ग्राइंडर लावतात, नाहीतर आम्ल वापरतात.

वाळूचा कण पत्र्यावर आपटून फुटतो. त्याची डोळ्याला न दिसणारी पूड रुमालातून सहज आत जाते आणि फुप्फुसात कायमची बसते. तिथे हळूहळू व्रण होतात, फुप्फुस कडक होतं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध माझ्याकडे नाही, मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरांकडेही नाही. दगडखाणीत तो व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात, वाळूच्या माऱ्यात काही महिन्यांत किंवा दोन-चार वर्षांतही होऊ शकतो. तुर्कस्तानात जीन्स फिकट दिसावी म्हणून कापडावर वाळू मारत. तरुण कामगार मरू लागले, तेव्हा २००९ मध्ये ते बंद केलं. ब्रिटननं तर १९४९ च्या नियमांनीच कारखान्यांत अशा कामाला वाळू वापरण्यावर बंदी घातली होती. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यानं सिलिकोसिस सरकारला कळवायच्या आजारांत घातला, पण चार माणसांच्या दुकानाला तो कायदा लागूच होत नव्हता. म्हणून तिथला आजार कागदावर येत नाही.

शिवाय जुन्या मुलाम्यात शिसं असू शकतं, लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम. ती धूळ कपड्यांवरून घरी जाते आणि लहान मुलांच्या पोटात जाते.

आम्लाचं तर नावच काढू नका. काच विरघळवतं ते हायड्रोफ्लोरिक. सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, काही तासांनी हाड कुरतडल्यासारख्या वेदना सुरू होतात. ते रक्तातलं कॅल्शियम खेचून घेतं आणि हृदय बंद पडू शकतं. अंगावर उडालं तर कपडे काढा, भरपूर पाण्यानं धुवा आणि आम्लाचं नाव सांगत थेट मोठ्या दवाखान्यात जा.

माझं मत विचाराल तर मुलामा काढूच नये. जुन्या वस्तूंचे शौकीन मूळ मुलाम्यालाच जास्त पैसे देतात, हे चोरबाजारात कुणीही सांगेल. साबणाच्या पाण्यानं धुवा, मेण चोळा, टवका उडालेल्या जागी गंज ओला करून घासा आणि तेवढाच रंग लावा. काही जण म्हणतात, 'चांगला मास्क देतो ना!' वाळूच्या माऱ्याला साधा मास्क पुरत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा टोप लागतो. तो आपल्याकडच्या कुठल्या दुकानात आहे?

त्या पोराचा एक्स-रे सध्या स्वच्छ आहे. पण एवढ्या लवकर तो स्वच्छच दिसणार, म्हणून दरवर्षी काढायला सांगितलंय. तुम्हीही असं काम केलं असेल, किंवा गिट्टी क्रशरवर राबला असाल, तर खोकला घेऊन कुठल्याही डॉक्टरकडे जाताना कामाबद्दल आधी सांगा, किती वर्षं केलं तेही. नुसत्या एक्स-रेवर सिलिकोसिस टीबीसारखा दिसतो. आणि सिलिकोसिसवाल्याला खरा टीबीही लवकर धरतो, म्हणून थुंकीची तपासणी टाळू नका.