सावत्रपणाची पळवाट

हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सावत्र आई, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत मात्र आरशाला जाब विचारणारी ती बाई हिमगौरीची सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत सख्खी आई बाळंतपणात मरते, राजा दुसरे लग्न करतो आणि सगळे पाप आयतेच नवीच्या पदरात पडते. हान्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून देणारी आईही १८४०मध्ये अशीच सावत्र झाली. कथा घराघरांत मुलांना वाचून दाखवल्या जाऊ लागल्या होत्या. आईचे नाव खराब होऊन चालणार नव्हते. तेव्हापासून सावत्र आई म्हणजे कथाकारांची हुकमी सोय. आपल्या कहाण्यांनीही तिला कधी सोडले नाही.

ही सोय मोडायचे धाडस केले ते एका अमेरिकी मालिकेने. ‘द टेन्थ किंगडम’ फेब्रुवारी २०००मध्ये एनबीसीवर आली. लेखक सायमन मूर. परीकथांतली नऊ राज्ये खरीच आहेत आणि एका जादूच्या आरशातून तिथले लोक न्यूयॉर्कमध्ये येऊन पडतात, अशी कल्पना. हिमगौरीचा नातू राजपुत्र वेंडेल याचा कुत्रा होतो. टोनी हा नायिकेचा बाप, इमारतीची डागडुजी करणारा माणूस. त्याच्या हाती सहा इच्छा पुऱ्या करणारा दाणा लागतो, तर हा गडी कधी न संपणारी बिअर मागतो. रेडिओ-कॅसेटवर बी जीजची गाणी ऐकून तीन राक्षस हरखून जातात. या गमतीजमतींत मालिका मधेमधे भलतीच रेंगाळते. मेंढपाळांच्या गावातला खटला तर निम्म्यात उरकता आला असता. पण ‘श्रेक’ पडद्यावर येण्याच्या वर्षभर आधी परीकथेची अशी मनमुराद टिंगल या मालिकेने टीव्हीवर केली होती, हेही खरे.

मालिकेचा खरा डंख आहे तो राणीत. डायान वीस्टने ही भूमिका आरडाओरडा न करता, थंड, काहीशा थकलेल्या आवाजात केली आहे. ही राणी म्हणजे नायिका व्हर्जिनियाची, ती सात वर्षांची असताना घर सोडून गेलेली आई ख्रिस्टीन. जाण्यापूर्वी तिने पोरीला आंघोळीच्या टबात बुडवायचा प्रयत्न केलेला असतो. शेवटी तीच मुलीचा गळा आवळते आणि विषारी फणीचा ओरखडा लागून मरते. ही फणी मुळात ग्रिमच्या कथेतली. डिस्नेने १९३७च्या चित्रपटात ती गाळून फक्त सफरचंद ठेवले होते. मूरने ती परत आणली खरी, पण या खेपेला फणी मुलीच्या हातात आहे.

एवढे करून मालिकाही कच खाते. ख्रिस्टीन दुष्ट का झाली? तर दलदलीतल्या चेटकिणीने तिला झपाटले म्हणून. आणि ही चेटकीण कोण? हिमगौरीची तीच ती सावत्र आई! ग्रिम बंधूंनी १८१९मध्ये खणलेल्या खड्ड्यातच मूरनेही दोषाचे गाठोडे टाकले. पण ते तिथे मावत नाही. टबातला प्रसंग न्यूयॉर्कच्या घरात घडतो. तोवर ना आरसा आलेला असतो ना चेटकीण. तिथे फक्त एक सैरभैर आई आहे आणि धावत येऊन मुलीला वाचवणारा, पुढे कितीतरी वर्षे त्याबद्दल चकार शब्द न काढणारा बाप आहे. न संपणारी बिअर मागणाऱ्या टोनीकडे त्यानंतर वेगळ्याच नजरेने पाहावे लागते.

डिस्नेने २०२५मध्ये हिमगौरी पुन्हा पडद्यावर आणली. बुटके संगणकावर घडवावेत की नटांना घ्यावे, यावर भरपूर काथ्याकूट झाला. नायिकेला राजपुत्राची गरज आहे का, यावरही झाला. राणी मात्र सावत्र ती सावत्रच राहिली, आणि त्याबद्दल कोणी हूं की चूं केले नाही.